जीव घाबरा होतो तेव्हा

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता घडलेली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले होते. दवाखान्याचे शटर मी अर्धे खाली ओढले होते, तेवढ्यात बाहेर एक टेम्पो कचकन थांबला. आमचे शिवरे पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव. त्यामुळे माझे निम्मे पेशंट भोर तालुक्यातले, तर निम्मे रस्त्याने आलेले असतात. हा रस्त्याचाच होता. वय चौतीस, अंगाने धडधाकट, पण क्लीनरच्या खांद्यावर हात टाकून कसाबसा आत आला. अंगाला दरदरून घाम, हात बर्फासारखे गार.

"डॉक्टर, अटॅक आलाय मला. घरी फोन लावा. काय खरं नाही आता."

नाडी मिनिटाला १३० होती. रक्तदाब थोडा वर. श्वास भराभर चालला होता आणि दोन्ही हातांची बोटे आखडून चोचीसारखी झाली होती. ओठांभोवती मुंग्या आल्यात म्हणाला. ईसीजी काढला. नाडी जलद, एवढे सोडले तर त्यात वावगे काही नव्हते. शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि त्याला माझ्याबरोबर सावकाश श्वास सोडायला लावले. वीस-पंचवीस मिनिटांत बोटे सुटली. घाम वाळला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा ईसीजी काढला, तोही तसाच आला.

मधल्या वेळात क्लीनरने मोबाइलवर शोधाशोध केली होती. तो म्हणाला, "डॉक्टर, याला पॅनिक अटॅक म्हणत्यात का?"

मी हो म्हटले. त्यावर चालकाने जो चेहरा केला तो विसरणार नाही. "पॅनिक म्हणजे? डोक्यावर परिणाम झालाय माझ्या?"

त्या रात्री मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिले. पण प्रश्न मोठा आहे आणि असे विचारणारे बरेच आहेत. म्हणून आजचा लेख.

'पॅनिक' हा शब्द मूळचा ग्रीक. ग्रीस देशातल्या आर्केडिया नावाच्या डोंगराळ भागात पॅन नावाचा एक देव होता. कमरेच्या वर माणूस आणि खाली बोकड, डोक्यावर शिंगे, हातात पावा. हा मेंढपाळांचा देव. रानात, कड्याकपारीत राहायचा. भर दुपारी तो झोपतो, तेव्हा पावा वाजवून त्याची झोपमोड करू नये, अशी तिथल्या गुराख्यांची समजूत होती. आपल्याकडे बाराच्या ठोक्याला वडा-पिंपळाखाली जाऊ देत नाहीत, त्याच जातीची ही गोष्ट. रानात एकटा माणूस असावा, सगळे शांत असावे आणि काही कारण नसताना अंगावर सर्रकन काटा यावा, पाय आपोआप पळू लागावेत. किंवा चरता चरता सगळा कळप एकदम उधळावा. काय झाले कुणालाच सांगता येत नाही. मग ग्रीक म्हणत, ही पॅनची करणी. त्यावरून 'पॅनचे भय' असा शब्द झाला. पुढे फ्रेंच भाषेतून तो सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला आणि आता आपल्या क्लीनरच्या मोबाइलवर.

हा पॅन आपल्याला अगदीच परका नसावा. वेदांमध्ये पूषन् नावाचा देव आहे. तो गुरांचा राखणदार आणि वाटसरूंचा वाटाड्या. त्याच्या रथाला घोडे नसून बोकड जुंपलेले असतात. पॅन आणि पूषन् ही दोन्ही नावे एकाच जुन्या मुळातून आली असावीत, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. सगळ्यांना ते पटलेले नाही. मला मात्र ही कल्पना आवडते. महामार्गावर दवाखाना असलेल्या माणसाला रस्त्याचा राखणदार देव आवडायचाच.

एक गंमत जाता जाता. वरीच्या धान्याचे शास्त्रीय नावही 'पॅनिकम' असेच सुरू होते. त्याचा भीतीशी काडीचाही संबंध नाही. तो शब्द लॅटिनमधला, कणसावरून आलेला. तेव्हा उपवासाला वरीचे तांदूळ खुशाल खा.

मराठीत भीतीचे शब्द काही कमी नाहीत. दचकणे, भेदरणे, धसका घेणे, घाबरगुंडी उडणे, गाळण उडणे, पोटात गोळा येणे. 'पाचावर धारण बसली' असेही आपण म्हणतो, त्यातली धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. पण ग्रीक गुराख्यांना जे म्हणायचे होते, त्याच्या सर्वांत जवळचा शब्द मला पुस्तकात सापडला नाही. तो वेल्ह्याकडच्या एका म्हाताऱ्या धनगराने सांगितला. गुडघ्याच्या दुखण्यासाठी ते आबा माझ्याकडे येत. मी सहज विचारले, कळप मधेच पळत सुटतो त्याला काय म्हणता? ते म्हणाले, "बुजतो की. एक बुजलं की सगळी बुजली. मागच्याला ठावंच नसतंय म्होरचं का पळतंय."

बुजणे! याच शब्दापासून शेतातले बुजगावणे झाले. पहिल्या जनावराला फडफडणारा कागद तरी दिसलेला असतो. मागची मात्र पुढच्याच्या भीतीला भितात. पॅनिकची याहून चांगली व्याख्या मी वैद्यकाच्या पुस्तकात वाचलेली नाही.

फौजाही अशा बुजत. इ. स. पूर्व ४०१ मध्ये इराणी साम्राज्यात अडकलेल्या ग्रीक सैन्याची हकिगत झेनोफन याने लिहून ठेवली आहे. तो स्वतः त्या सैन्यात होता. एका रात्री छावणीत एकाएकी आरडाओरडा आणि पळापळ सुरू झाली. शत्रू आला की काय, कुणालाच कळेना. सेनापतीने दवंडी पिटवली की छावणीत गाढव कुणी सोडले हे जो सांगेल त्याला एक टॅलेंट चांदी बक्षीस! ते ऐकून सैनिक ओळखायचे ते ओळखले. शत्रू आलेलाच नाही, हे रिकामे भय आहे. सगळे गप्प झाले.

त्याच्या पुढच्याच पिढीतल्या आयनियास नावाच्या लेखकाने शहराच्या संरक्षणावर पुस्तक लिहिले. त्यात या रात्रीच्या घबराटीवर एक प्रकरणच आहे. त्याचा एक सल्ला असा, की गोंधळ उठला तर जागचे हलू नये, एका सुरात देवाचे गाणे म्हणावे, नाहीतर एकमेकांना ओरडून सांगावे की हे पॅनिक आहे. आज मानसोपचारवाले जे शिकवतात त्याचे निम्मे सार यात आले. भीतीला तिच्या नावाने हाक मारायची.

पण हाच शब्द चुकीच्या जागी वापरला तर माणसांवर अन्याय होतो, तेही सांगितले पाहिजे. आमच्या इथून कापूरहोळ, भोर करत मांढरदेवच्या घाटाला लागता येते. २५ जानेवारी २००५ ला, पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत, तिथे २५० हून अधिक माणसे गेली. या पट्ट्यातल्या लोकांना त्या दिवसाबद्दल वेगळे सांगायला नको. पुष्कळांनी तेव्हा म्हटले, लोक घाबरले, पळाले, म्हणून मेले. पण तिथे काय होते ते आठवा. अरुंद चढाची वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने, वरून खाली येणारे आणि खालून वर जाणारे लोक एकाच वाटेवर, आणि पुढे लागलेली आग. चौरस मीटरभर जागेत सहा-सात माणसे झाली, की गर्दी माणसांसारखी वागत नाही, पाण्यासारखी वाहते. छाती फुगायलाच जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. तो घाबरलेला असो वा नसो.

मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जण गेले. तेव्हा 'फूल गिर गया' असे कुणी ओरडले आणि लोकांनी ते 'पुल गिर गया' असे ऐकले, अशी हकिगत सांगितली गेली. एका अक्षराचा फरक. ते खरे धरले, तरी पावसात माणसांनी खच्चून भरलेला अरुंद पूल ही मूळ गोष्ट राहतेच. तसेच १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा पुण्यातली जी माणसे नदीकाठ सोडून उंचावर पळाली, त्यांना काही पॅनिक झालेले नव्हते. पाणी खरेच येत होते. तिथे पळणे हेच शहाणपण होते.

आता एकट्या माणसाकडे येऊ. धोका दिसला की शरीर दोनच गोष्टींची तयारी करते, लढा किंवा पळा. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन सुटते. छाती धडधडते, कारण हातापायांना रक्त हवे असते. कातडीकडचे रक्त कमी होते म्हणून हात गार पडतात. घाम येतो. श्वास वाढतो. समोर बिबट्या असेल तर यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. पॅनिक अटॅकमध्ये हेच सगळे होते, फक्त बिबट्या नसतो.

खरी गडबड पुढे आहे. बिबट्या दिसत नाही म्हणून मन तो शोधू लागते आणि बाहेर सापडला नाही की आत शोधते. धडधडतेय, म्हणजे हृदयच बंद पडणार. चक्कर येतेय, म्हणजे मेंदूत काहीतरी फुटले. हा विचार आला की भीती दुप्पट होते, भीती वाढली की धडधड वाढते आणि धडधड वाढली की खात्रीच पटते. पुढच्या मेंढीला पाहून मागची बुजावी, तसा हा एकाच माणसातला कळप असतो. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या येतात, बोटे आखडतात ती त्यामुळेच. झटका बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. आजवर असा एकही झटका ओसरल्यावाचून राहिलेला नाही, हे पेशंटला मी आवर्जून सांगतो.

डॉक्टरांनाही हे लवकर उमगले असे नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या सैनिकांना असाच त्रास होई. १८७१ मध्ये डॉ. दा कोस्टा यांनी त्याला 'चिडखोर हृदय' म्हटले. म्हणजे दोष हृदयाच्या माथी. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. डोनाल्ड क्लाइन यांना आढळले, की इमिप्रामिन नावाच्या गोळीने हे झटके थांबतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये. आयुष्यात एखादा झटका शंभरातल्या दहाएक जणांना तरी येऊन जातो. तेवढ्याने तो आजार होत नाही. पुन्हा येईल या धास्तीने माणूस बाहेर पडेनासा होतो, तेव्हा आजार सुरू होतो. बायकांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे.

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत जवळच्याच एका वाडीवरची बाई यायची. पंचवीस-सव्वीसची, पदरात दोन लहान मुले. 'जीव घाबरा होतो, गळा आवळल्यासारखं होतं.' मी तपासले, रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. मी मोठ्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणालो, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." मला वाटले, आनंदाची बातमी दिली. तिने ऐकले ते असे, की जीव जातोय आणि डॉक्टर म्हणतोय काही नाही, म्हणजे हे डॉक्टरचे कामच नव्हे. घरच्यांनीही तेच ऐकले. मग बाहेरचे बघणे सुरू झाले. उतारे झाले, अंगारे झाले, दोन शेळ्या विकल्या गेल्या. चार वर्षांनी तिचा भाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला तेव्हा मी ओळखले नाही. एवढी वाळली होती. त्या चार वर्षांत ती एकटी विहिरीपर्यंतसुद्धा गेली नव्हती.

देवऋषाला मी दोष देत नाही. निदान त्याने तिच्या त्रासाला एक नाव तरी दिले होते. मी तेही दिले नव्हते. आता मी 'काही झालेलं नाही' असे कुणाला म्हणत नाही. 'तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही, पण तुम्हाला जे होतंय ते खरं आहे आणि त्याला नाव आहे,' असे म्हणतो. ती बाई औषधांनी आणि तिच्या भावाच्या चिकाटीने सावरली. आधी उंबऱ्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग एसटीने नसरापूरच्या बाजाराला. वर्ष लागले.

आणि हे सगळे ठाऊक असलेल्या डॉक्टरचे काय होते तेही ऐका. थोरल्या भावाचे तेरावे करून आम्ही पुण्याहून परत येत होतो. कात्रजच्या नव्या बोगद्यात वाहतूक अडकली. दहा मिनिटे गाडी जागची हलेना. एकाएकी माझ्या छातीत धडधड सुरू झाली आणि वाटले, हवा संपली. भाऊ हृदयविकारानेच गेला होता. आता माझी पाळी, अशी पक्की खात्री झाली. इतक्या वर्षांचे वैद्यकीय ज्ञान कुठल्या कुठे गेले. दार उघडून बोगद्यात पळत सुटायच्या बेतात होतो. बायकोने मनगट धरले आणि म्हणाली, "अहो, तुम्ही पेशंटना सांगता ते हेच ना?" तेच होते. दुसऱ्या दिवशी तपासण्या मात्र सगळ्या करून घेतल्या. त्या ठीक आल्या.

आता कामाचे. झटका आला तर बसा. पळू नका. श्वास जोरात ओढू नका. नाकाने मनात चार आकडे मोजत घ्या आणि तोंडाने सहा आकडे मोजत सावकाश सोडा. हे ओसरणार आहे, असे स्वतःला शब्दांत सांगा. शेजारच्याने गर्दी हटवावी, कांदा हुंगवू नये, तोंडावर पिशवीही धरू नये. पूर्वी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगत, आता सांगत नाहीत. कारण खरा हृदयविकार किंवा दमा असेल तर त्याने जीव जाऊ शकतो.

उपचार दोन प्रकारचे. एकात बोलून, समजावून, ज्या जागेची भीती बसली तिथे हळूहळू पुन्हा नेऊन मनाची सवय मोडतात. दुसरा गोळ्यांचा. या गोळ्या लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात आणि काही महिने घ्याव्या लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून देऊ नका. झोपेच्या गोळीने तात्काळ बरे वाटते, पण तिची सवय लागते. औषध दुकानातून ती परस्पर आणू नका. चहा, तंबाखू, मिश्री यांवर हात आखडता घ्या. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, त्यांच्या बिघाडानेही धडधड होते. सरकारचा टेलिमानस हा मोफत फोन आहे, १४४१६. मराठीत बोलता येते आणि नाव सांगायची सक्ती नाही.

आणि सगळ्यात आधी ईसीजी. पहिलाच झटका असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह असेल, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर 'पॅनिक असेल' असे म्हणत घरी बसू नका.

तो टेम्पोवाला आता फेरीच्या वाटेवर अधूनमधून थांबतो. झटके जवळपास थांबले आहेत. खंबाटकी चढताना अजून थोडे होते म्हणतो, पण गाडी बाजूला घ्यावी लागत नाही. मध्यंतरी तो त्याच्या एका जोडीदार चालकाला घेऊन आला. पन्नाशीचा गृहस्थ. "डॉक्टर, यालाही माझ्यासारखंच होतंय बघा. मी सांगितलंय, घाबरू नको, पॅनिक आहे, बस आणि मोज." मी ईसीजी काढला. तो तसा नव्हता. ॲस्पिरिनची गोळी चघळायला दिली आणि १०८ ला फोन लावला.